ब्राझीलला कधी जावं, हे पाण्याला विचारा

दक्षिण अमेरिकेबद्दल विचारणारी पत्रं या वेळी इतकी आली की सगळं सदर ब्राझीललाच दिलं आहे. नोकरीच्या निमित्ताने मी साओ पाउलोत राहिले, तिथून देश पाहिला, आणि अजूनही कुणी ब्राझीलचं नाव काढलं की हातातलं काम बाजूला ठेवते. उत्तरं लांबली आहेत ती त्यामुळे.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. मेच्या सुट्टीत बारा दिवस ब्राझीलला जायचं आहे. रिओ, इग्वासूचा धबधबा, अ‍ॅमेझॉन, साल्वादोर, पांतानाल आणि जमलं तर राजधानी ब्राझीलिया, असा बेत एजंटने दिला आहे. एवढं सगळं होईल का? (सांगली)

उत्तर: होईल, पण निम्मा प्रवास विमानतळावरच्या खुर्च्यांवर जाईल, आणि तुम्ही साठवलेले पैसे त्यासाठी नाहीत. हा देश सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटरचा आहे, भारताच्या अडीचपटीहून मोठा. रिओहून अ‍ॅमेझॉनमधल्या मानाउसला थेट विमानाने चार तास लागतात. मुंबईहून ब्राझीलला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पाउलो गाठायचं म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस, शिवाय तिथलं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. तुमच्या बारा दिवसांतले दोन-तीन तर इथेच गेले.

म्हणून ठिकाणांची यादी बाजूला ठेवा आणि एकच गोष्ट पाहा: तुम्ही जाल त्या महिन्यात पाणी कुठे आहे? आपल्याकडे पाऊस साधारण एकाच वेळी देशभर पसरतो. ब्राझीलमध्ये एकाच महिन्यात एका टोकाला पूर असतो आणि दुसऱ्या टोकाला कोरडं ऊन. साल्वादोरच्या किनाऱ्यावर पावसाचा जोर एप्रिल ते जुलै असतो, तेव्हा मेमध्ये ते गाळा. पांतानाल ही प्रचंड पाणथळ जमीन. तिथे लोक जातात जग्वार पाहायला आणि तो दिसतो साधारण जुलै ते ऑक्टोबर, कारण तेव्हा पाणी आटून प्राणी नदीकाठी येतात. मेमध्ये तिथे पाणी अजून ओसरत असतं. तेही गाळा. ब्राझीलिया १९६० साली माळरानावर वसवलेली राजधानी. वास्तुकार ऑस्कर निमायरच्या इमारतींचं वेड असेल तरच वाट वाकडी करा.

मे महिना खरा आहे तो अ‍ॅमेझॉनचा. रिओ नेग्रो ही नदी दर वर्षी दहा मीटरच्या आसपास चढते आणि उतरते, आणि जूनच्या सुमाराला तिचं पाणी सर्वांत वर असतं. तुम्ही जाल तेव्हा जंगलाची जमीन पाण्याखाली असेल आणि तुमची होडी झाडांच्या फांद्यांमधून जाईल. एरवी मान दुखेपर्यंत वर बघून शोधावी लागणारी माकडं डोळ्यांच्या रेषेत येतात. ऑक्टोबरमध्ये त्याच जागी तुम्ही पायी चालाल, ते वेगळं जंगल. मानाउसपासून दोन-तीन तासांवरच्या एखाद्या जंगल-लॉजवर तीन रात्री राहा, आणि लॉज निवडताना तो रिओ नेग्रोच्या बाजूचा आहे ना, हे विचारून घ्या. तिचं काळं पाणी आम्लधर्मी असल्यामुळे तिथे डास कमी. मानाउसजवळ ही काळी नदी आणि गढूळ सोलिमोएस एकमेकींना भेटतात, पण सहाएक किलोमीटर मिसळत नाहीत, कारण दोघींचा वेग, तापमान, घनता सगळं वेगळं. होडीतून हात पाण्यात धरून ठेवा, एक नदी संपून दुसरी लागली की बोटांना कळतं. शहरात १८९६ चं ऑपेरागृह आहे. रबराच्या पैशातून भर जंगलात उभं राहिलेलं, तेही पाहून घ्या.

मग चार दिवस रिओ. मेमध्ये तिथला उकाडा उतरलेला असतो, पाऊसही फार नसतो. ख्रिस्ताचा पुतळा (१९३१) कोर्कोवादो डोंगरावर सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि वर ढग आला तर समोरचा पुतळाही दिसत नाही. शक्य असेल तर त्याचं तिकीट आधीपासून काढून ठेवू नका. सकाळी खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसला की निघा. वर जायला दातेरी रुळांची आगगाडी घ्या, ती तिझुकाच्या जंगलातून जाते. हे जंगल मला रिओच्या किनाऱ्यांपेक्षा प्रिय आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी हे डोंगर उघडेबोडके केले, शहराचे झरे आटायला लागले, तेव्हा सम्राट दुसरा पेद्रो याच्या काळात, १८६१ पासून, तिथे हजारो झाडं पुन्हा लावली गेली. लावणारे हात सुरुवातीला गुलामांचे होते. आज त्या जंगलात फणसाची झाडं माजली आहेत. फणस आपल्याकडचा, पण तिथे त्याने स्थानिक झाडांची जागा घेतल्यामुळे वनखात्याला तो आवरावा लागतो.

शेवटचे दोन दिवस इग्वासू. ब्राझीलच्या बाजूने धबधब्यांची पूर्ण रांग समोर दिसते, त्याला अर्धा दिवस पुरतो. अर्जेंटिनाच्या बाजूला पाण्याच्या डोक्यावरून चालता येतं, मात्र भारतीय पासपोर्टवर त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ती आधीच काढून ठेवा, सीमेवर जाऊन मिळणार नाही. तिथून साओ पाउलो आणि घर. साल्वादोर दिवाळीच्या सुट्टीसाठी राहू द्या.

प्रश्न: आई चौसष्ट वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि संकष्टी सोडत नाही. मुलाकडे महिनाभर साओ पाउलोला जाणार आहे. खायचं काय? आणि पीतज्वराची लस खरंच घ्यावी लागते का? (नाशिक)

उत्तर: आधी लस, कारण विमानतळावर अडतं ते तिथेच. ब्राझील पीतज्वराच्या देशांमध्ये मोडतो. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं आणि नंतर आयुष्यभर चालतं. ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही, आणि तारीख मिळायला वेळ लागतो. पण तुमच्या आईचं वय महत्त्वाचं आहे. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ती देत नाहीत. तिकीट काढण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. डॉक्टरांनी लस नको असं लिहून दिलं तरी विलगीकरण टळेलच असं धरून चालू नका.

आता जेवण. ब्राझीलचं रोजचं ताट म्हणजे भात आणि घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ, घरोघरी. अडचण एवढीच की हॉटेलात त्या उसळीत बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. ‘सें कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. कोंबडी, हॅम, मासे यांना कित्येक जण त्या शब्दात धरत नाहीत. मुलाला सांगा, एका कागदावर पोर्तुगीजमध्ये प्रत्येक गोष्टीचं नाव लिहून आईच्या पर्समध्ये ठेव: गाय, डुक्कर, कोंबडी, मासे, कोळंबी, हॅम, अंडं, काहीही नको. दुपारी वजनावर जेवण मिळणाऱ्या खाणावळीत न्या. आपण स्वतः ताट वाढून घ्यायचं, ते तोलतात आणि तेवढ्याचेच पैसे. भात, कोशिंबिरी, तळलेला कसावा (एक कंद), पालेभाज्या, केळी समोर दिसतात, त्यामुळे काही विचारावं लागत नाही. चीझच्या त्या छोट्या गोल पावांमध्ये अंडं असतं. ते फार छान दिसतात, तरी आईंना देऊ नका.

संकष्टीची काळजी सोडा. आपला साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याच्याच पिठाचा ‘तापियोका’ नावाचा घावन तिथे रस्त्यावर तुमच्यासमोर तव्यावर करून देतात. आत ओलं खोबरं घ्यायचं किंवा केळं. धान्याचा कण नाही. फक्त त्या तव्यावर आधी काय भाजलंय ते बघा, किंवा तापियोकाचंच पीठ आणून घरीच करा, दोन मिनिटांचं काम आहे. रताळी, शहाळं, पपई, उसाचा रस सगळं आठवडी बाजारात मिळेल. साओ पाउलोत जून-जुलैला गार असतं आणि बहुतेक घरांत हीटर नसतो. स्वेटर, शाल आणि पायमोजे भरा.

प्रश्न: आम्ही वसईचे ख्रिस्ती. पोर्तुगीज काळाच्या खुणा आम्ही गावात रोज पाहतो. जानेवारीत ब्राझीलला जाऊन त्याच इतिहासाची दुसरी बाजू पाहायची आहे. कुठे जावं? (वसई)

उत्तर: साल्वादोरला. तुमचं पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण हा संबंध फार कमी लोक जोडतात. पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल १५०० साली लिस्बनहून निघाला तो भारताकडे. वाटेत एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. वसई १५३४ ला पोर्तुगीजांकडे गेली, साल्वादोर त्यांनी १५४९ ला वसवलं आणि १७६३ पर्यंत ते ब्राझीलची राजधानी होतं. जानेवारीत तिथे कडक ऊन असतं, पण पाऊस कमी.

जुन्या शहराच्या पेलोरिन्यो भागात राहा. चर्चच्या दर्शनी भिंती पाहून तुम्हाला वसईचा किल्ला आणि जुनं गोवं ओळखीचं वाटेल. सोन्याच्या नक्षीने मढवलेलं साओ फ्रान्सिस्को चर्च प्रसिद्ध आहे, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या छताचा भाग कोसळला, तेव्हा ते खुलं आहे का ते विचारून जा. मी मात्र तुम्हाला ‘रोझारियो दोस प्रेतोस’ या निळ्या चर्चमध्ये पाठवीन. ते काळ्या लोकांच्या बंधुमंडळाने अठराव्या शतकात स्वतःसाठी बांधलं, कारण गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना बरोबरीची जागा नव्हती. मंगळवारी संध्याकाळच्या मिस्साला तिथे आफ्रिकी ढोल वाजतात. बाजूच्याच चौकात गुलामांना चाबकाने मारत असत. ब्राझीलने गुलामगिरी १८८८ मध्ये बंद केली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. ते लक्षात ठेवून तो चौक ओलांडा.

जानेवारीतच बोंफिंच्या चर्चच्या पायऱ्या धुण्याचा सण येतो. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका घागरी घेऊन आठ किलोमीटर चालत जातात, शहर मागे लोटतं. त्यात पांढरे फेटे आणि निळ्या-पांढऱ्या माळा घातलेले पुरुष दिसले तर थांबा. ते ‘फिल्योस दे गांधी’, गांधींची मुलं. महात्माजींच्या हत्येनंतर पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, साल्वादोरच्या गोदी कामगारांनी हे पथक काढलं आणि कार्निव्हलमध्ये शांततेच्या नावाने ते अजून निघतं. तुम्ही भारतातले आहात हे त्यांना जरूर सांगा.

प्रश्न: मी एकटी जाणार आहे. रिओ सुरक्षित आहे का? (पुणे)

उत्तर: चोरीपासून सांभाळलं तर हो. मोबाइल रस्त्यावर हातात धरून चालायचं नाही, पत्ता बघायचा तर दुकानात शिरा. किनाऱ्यावर जाताना पासपोर्ट, दागिने, कार्ड सगळं खोलीवर, सोबत टॉवेल आणि थोडे पैसे. अंधार पडल्यावर वाळूत फिरू नका, अॅपवरून टॅक्सी बोलवा. कुणी अडवलंच तर वस्तू देऊन टाका, झटापट करू नका. राहायला इपानेमा किंवा बोताफोगो बघा. फावेलात, म्हणजे तिथल्या झोपडपट्ट्यांत, ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका, आणि तिथल्या लोकांच्या घरांचे फोटो न विचारता काढू नका.

प्रश्न: आमचा गाईंचा गोठा आहे. ब्राझीलमध्ये गीर गाई आपल्यापेक्षा जास्त दूध देतात असं ऐकतो. सहलीला जोडून ते पाहता येईल का? (इंदापूर)

उत्तर: येईल, आणि तुम्ही ते पाहावंच असं मला वाटतं. मिनास जेराइस राज्यातलं उबेराबा हे शहर गाठा. साओ पाउलोच्या तिएते बसस्थानकावरून तिथे बस जाते. भारतीय वंशाच्या गुरांची पैदास करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना तिथेच आहे. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास ‘एक्स्पोझेबू’ हे प्रदर्शन भरतं आणि त्याच आवारात या गुरांचं संग्रहालयही आहे. गीर, कांकरेज आणि आंध्रातली ओंगोल, तिघींचीही वंशावळ तिथे जपलेली दिसेल. ओंगोलला ते ‘नेलोरे’ म्हणतात. ही गुरं एकोणिसाव्या शतकापासून जहाजाने जात राहिली, मोठ्या खेपा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गेल्या. ब्राझीलच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुधाच्या नोंदी ठेवून वळू निवडले, दूध वाढलं ते त्यामुळे. तेव्हा गाईंपेक्षा त्यांच्या नोंदवह्या जास्त वेळ बघा. गीर आणि होल्स्टीनच्या संकराला ते ‘जिरोलांदो’ म्हणतात. तो गोठाही मागून बघा, तिथलं बरंचसं दूध त्याच गाईंचं आहे.

दुभाषा लागेल, खेड्यात इंग्रजी चालत नाही. गोठ्यावर जायचं असेल तर कितीतरी आठवडे आधी कळवून परवानगी घ्या. मे २०२५ मध्ये ब्राझीलला लसीकरणाशिवाय लाळ्या-खुरकूतमुक्त देश म्हणून मान्यता मिळाली आहे. आपल्याकडे तो रोग आहे, त्यामुळे तिथले लोक भारतातून आलेल्या पशुपालकाला थेट जनावरांजवळ सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. स्वतःच्या गोठ्यात वापरलेले बूट, कपडे, दोर काहीही सामानात टाकू नका. नवे बूट तिथेच विकत घ्या.