घूं आवाज येतोय? आधी केबल काढून बघा

नव्या ॲम्पमधून (ॲम्प्लिफायरमधून) घूं येतेय म्हणून लगेच पॉवर कंडिशनर (येणारी वीज स्वच्छ करणारं यंत्र) घेऊ नका. बहुतेक वेळा दोष विजेत नसतो, जोडणीत असतो.

पहिली चाचणी फुकट आहे. ॲम्प बंद करा, त्यात येणाऱ्या सगळ्या सिग्नल केबल काढा आणि पुन्हा चालू करा. घूं गेली तर ग्राउंड लूपचा संशय घ्या, म्हणजे दोन उपकरणं अर्थ आणि केबल अशा दोन वाटांनी जोडली जाऊन त्या वेढ्यातून नको तो प्रवाह वाहतो. मग एकेक केबल परत लावत जा. टीव्ही किंवा कॉम्प्युटरची केबल लावली की आवाज परतला, असं फार वेळा होतं. स्पीकर शांत, पण ॲम्पची पेटीच गुणगुणतेय? तो ट्रान्सफॉर्मर. मेन्समध्ये (घरच्या एसी पुरवठ्यात) थोडा डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) शिरला तरी टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचे, ट्रान्सफॉर्मर असे गुणगुणतात.

विजेचं व्होल्टेज मोजायचंच असेल तर कॅट 3 दर्जाचा (घरच्या वायरिंगवर वापरायच्या सुरक्षा दर्जाचा) ट्रू आरएमएस (लहर वेडीवाकडी असली तरी बरोबर मोजणारा) मल्टिमीटर घ्या. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेवा. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 207 ते 253 दिसलं तरी घाबरू नका, चांगला ॲम्प ते सहज पचवतो.

सुरुवातीच्या चुका:
- अर्थ पिन काढणं. घूं जाते, पण आत दोष झाला तर पेटीला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. कधीही करू नका, कुणीही सांगितलं तरी.
- मोठा पॉवर ॲम्प छोट्या कंडिशनरवर लावणं.
- एकदम तीन बदल करणं. मग कशामुळे फरक पडला, कळत नाही.

सॉकेट ढिलं किंवा गरम लागलं तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. हार्मॉनिक्स (विजेच्या लहरीतली भेसळ), ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) नंतर बघू. केबल काढल्यावर काय झालं ते कळवा.