अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या आणि वेब कॉमिक्स: गोष्टीचा वेग कोणाच्या हातात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अलीकडे कोणत्या कादंबऱ्या आणि वेब कॉमिक्स वाचल्या, हा एक. आणि कादंबरीची सवय असलेल्याला चित्रांच्या गोष्टीत काही वाचल्याचं समाधान मिळतं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: मिळतं, फक्त ते वेगळ्या जागी शोधावं लागतं. गेले काही महिने मी एक कादंबरी, मग एखादं वेब कॉमिक, असं आलटून पालटून वाचतोय. त्यामुळे दोन्हींची ताकद आणि दोन्हींची लंगडी बाजू एकमेकांच्या उजेडात दिसली.

'रणांगण' पुन्हा वाचली. विश्राम बेडेकरांची ही छोटेखानी कादंबरी 1939 सालची, म्हणजे महायुद्ध पेटलं त्याच वर्षीची. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर नाझी जर्मनीतून देशोधडीला लागलेले ज्यू, आणि त्यांच्यात मायदेशी परतणारा चक्रधर. हेर्टा आणि तो जवळ येतात, पण मुंबई आली की तो उतरणार आणि ती पुढे जाणार, हे ठरलेलंच आहे. पूर्वी मी ती प्रेमकथा म्हणून वाचली होती. या वेळी चक्रधरचा कोरडेपणा जास्त बोचला. आधीची प्रेयसी उमा हिने दिलेल्या दुःखाचं बिल तो समोर येईल त्या बाईकडून वसूल करायला निघालेला असतो, आणि हेर्टासमोर तो हिशेब कोलमडतो. बेडेकर वाक्यं आखूड ठेवतात. जिथे दुसरा लेखक पानभर हळहळला असता, तिथे ते एका ओळीत मोकळे होतात. बोट पुढे सरकतेय, थांबायला वेळ नाही, ही घाई त्या वाक्यांतच आहे.

त्यानंतर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (2006). एका घरात पेइंग गेस्ट म्हणून एक मुलगा राहायला येतो. घरातला तनय त्याच्या प्रेमात पडतो, बहीण अनुजाही पडते, आणि एक दिवस अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पहिला अर्धा भाग तनय सांगतो, तोही थेट त्या निघून गेलेल्याला 'तू' म्हणत. दुसरा भाग अनुजाच्या डायरीतला. दोघांच्या सांगण्यातला माणूस एकच, पण दोन्ही वर्णनं जुळवून पाहिली तरी तो पुरता हाती लागत नाही. त्याला नावसुद्धा नाही. मला वाटतं, हे फक्त कादंबरीत जमतं. या गोष्टीचं कॉमिक करायचं तर पहिल्याच चौकटीत त्याला चेहरा द्यावा लागेल, आणि चेहरा दिला की तो तनयचाही राहत नाही आणि अनुजाचाही राहत नाही. 2022 साली आलेल्या चित्रपटाला हीच अडचण होती. नट कितीही देखणा आणि गुणी असो, तो दिसतो हाच त्याचा दोष.

आता उलट बाजू. कॅनडाच्या एमिली कॅरल यांचं 'हिज फेस ऑल रेड' हे 2010 सालचं छोटं भयकथा-कॉमिक. एकाने जंगलात आपल्या भावाला मारलंय. काही दिवसांनी भाऊ धडधाकट परत येतो, गावात हसतो-खिदळतो, आणि मारणारा सोडून कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. गोष्ट एवढीच, शब्दही मोजकेच. पण पार्श्वभूमी काळी, आणि दोन चित्रांमधलं अंतर लेखिका हवं तेवढं ताणते. शेवटी तो प्रेताची खात्री करायला खड्ड्यात उतरतो, तेव्हा वाचणाऱ्यालाही स्वतःच्या बोटाने पान खाली सरकवत उतरावं लागतं. पुढे काहीतरी आहे हे कळतं, पण दिसत नाही. कादंबरीकाराला इथे 'अंधार दाट होता' असं काहीतरी लिहावं लागलं असतं आणि ते लिहिताक्षणी अंधार थोडा उजळला असता. हेच कॉमिक पुढे लेखिकेच्या संग्रहात छापूनही आलं. छापील पानावर चित्रं तितकीच सुंदर आहेत, पण पान उलटताना शेजारचं पान डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतंच. तिथे भीती निम्मी होते.

म्हणून मी म्हणालो, समाधान वेगळ्या जागी. कादंबरीत गोष्टीचा वेग वाक्यात असतो. वेब कॉमिकमध्ये तो रिकाम्या जागेत असतो. कादंबरी वाचणारे कॉमिक उघडतात आणि फुग्यांतले संवाद भराभर वाचून संपवतात, मग म्हणतात यात काहीच नव्हतं. संवाद हा त्यातला सर्वात कमी महत्त्वाचा भाग असू शकतो.

सगळीच कॉमिक्स अशी नसतात. कोरियातल्या यून ते-हो यांचं 'मिसेंग' घ्या. लहानपणापासून फक्त गो हा पटावरचा खेळ शिकलेला मुलगा व्यावसायिक खेळाडू होऊ शकत नाही आणि एका मोठ्या व्यापारी कंपनीत उमेदवारीला लागतो. डिग्री नाही, अनुभव नाही, फोटोकॉपी कशी काढायची इथपासून सुरुवात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गोच्या एका खऱ्या सामन्यातली खेळी येते, 1989 च्या इंग कप स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या निर्णायक डावातली. मला गो येत नाही, त्यामुळे त्या खेळींतलं फारसं समजलं नाही, आणि तरी बिघडलं नाही. इथे मात्र शब्द भरपूर आहेत. वरिष्ठाच्या एका वाक्यावर पोरगा दिवसभर विचार करतो, बैठकीत कोण कोणाकडे बघून बोलतं याचे बारकावे आहेत. कचेरीतल्या माणसांवर इतकी समजूतदार कादंबरी मी बऱ्याच दिवसांत वाचलेली नाही. हो, कादंबरीच म्हणतोय. मधले काही भाग रेंगाळतात, निर्यातीच्या कागदपत्रांचे तपशील मी सरळ वगळले.

'सोलो लेव्हलिंग' मी दोन्ही रूपांत वाचून पाहिलं: आधी चुगोंग यांची मूळ वेब कादंबरी, मग तिच्यावरचं वेबटून, म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायचं कोरियन धाटणीचं वेब कॉमिक. राक्षसांशी लढणारा सर्वात दुबळा शिकारी हळूहळू सर्वात बलवान होतो, एवढाच जीव आहे. कादंबरीत 'तुमची पातळी वाढली', 'ताकद इतकी झाली' अशा व्हिडिओ गेमसारख्या सूचना पानोपानी येतात आणि त्या वाचणं म्हणजे पासबुक वाचणं. चित्रात त्याच सूचना एका निळ्या चौकोनात चमकून जातात, नजर पुढे सरकते. दुबू या चित्रकाराने लढाया अशा काढल्यात की गोष्ट किती पातळ आहे हे बराच वेळ लक्षातच येत नाही. शेवटाकडे येतं. तरीही एका रात्रीत कितीतरी भाग संपवले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

वेबटून दर आठवड्याला भागाभागांनी येतात आणि प्रत्येक भाग कड्यावर नेऊन सोडतो, म्हणून त्यांना हिणवणारे बरेच भेटतात. त्यांनी ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आठवावी. तीही 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली. ती सध्या माझ्या हातात आहे, अर्ध्याच्या पुढे गेलोय. यमू आपली कहाणी स्वतः सांगते, मधेच विषयांतर करते, आधी सांगितलेलं पुन्हा सांगते. पुस्तक म्हणून सलग वाचताना हे पाल्हाळ वाटतं. आठवड्याचा खंड मधे धरला, की ती वाचकाला मागची आठवण करून देतेय असं वाटू लागतं. मी म्हणून मुद्दाम थोडी थोडी वाचतोय, आणि ती तशीच जास्त जिवंत लागते.

वाट पाहण्यावरून आठवलं, ते रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या वेब कॉमिक मालिकेतलं 'टाइम'. 2013 च्या मार्चमध्ये एकच चित्र आलं, समुद्रकाठी बसलेली दोन काडीची माणसं. ते चित्र आधी अर्ध्या तासाने, नंतर तासाने बदलत राहिलं, जुलैपर्यंत. तीन हजारांहून जास्त चौकटी झाल्या. ती दोघं वाळूचा किल्ला बांधतात, पाणी वाढतंय हे त्यांच्या लक्षात येतं, आणि कारण शोधायला ती चालू लागतात. पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मी ते आत्ता पाहिलं, सगळ्या चौकटी एकापाठोपाठ एक, थोड्या वेळात. गोष्ट कळली, आवडलीही. पण ज्यांनी चार महिने तासातासाला पान उघडून 'आज पाणी किती वर आलं' हे पाहिलं, त्यांनी वाचलेलं 'टाइम' मला आता कुठल्याच दुव्यावर मिळणार नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'हिज फेस ऑल रेड' पासून करा. ते लेखिकेच्या संकेतस्थळावर फुकट आहे आणि पंधरा मिनिटांत होतं. फोनवर नको, मोठ्या पडद्यावर, आणि सावकाश सरकवत. ते आवडलं नाही तर 'मिसेंग' बघा. दोन्ही नाही आवडली तर सरळ 'रणांगण' उचला. चित्रं नाहीत, तक्रारीला जागा नाही.