आईसाठी मुंबईजवळ चांगला वृद्धाश्रम कसा निवडावा? खर्च किती येतो?

आईला आश्रमात ठेवलं तर 'नातेवाईक नावं ठेवतील' ही भीती असते ना, तेवढ्यासाठी लिहायला बसले. ठेवू द्या. त्यातल्या एकालाही डायपर बदलता येत नसतो.

माझी आई बदलापूरच्या पुढे एका आश्रमात असते. भांडुपला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून आई घरात कोंडल्यासारखीच. मी सकाळी ट्रेन पकडून फोर्टला, घरी आईला सांभाळायला ब्युरोने पाठवलेली बाई, ती पण सारखी बदलणार, एक तर आईला खुर्चीत बसवून दिवसभर मोबाईलवर सिरियल बघायची आणि दुपारच्या गोळ्या तशाच डबीत. शेवटी आईच म्हणाली, मला चार माणसांत ठेव गं. तर आमचे दादा, बोरिवलीला टू बीएचके, फोनवर म्हणतात "आपल्या घराण्यात कोणी आश्रमात गेलं नाही." अरे मग घेऊन जा ना! तर मुलाची दहावी, वहिनीची पाठ. आणि भांडुपचं घर आईने आधीच बक्षीसपत्र करून दादांच्याच नावावर केलेलं.

म्हणून घर कोणाच्या नावावर करायचंच असेल तर 'आईला सांभाळीन' ही अट कागदातच घालून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे, अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द ठरवू शकतं, पण 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तशी अट घातलेली असेल तरच हे कलम लागू होतं. आमच्या कागदात अट नाही. निर्वाहभत्ता मागता येतो, कायद्यात कमाल महिना 10,000, पण आई मुलाविरुद्ध अर्ज करणार? मेली तरी नाही.

बाकी आश्रम निवडताना गार्डन आणि देऊळ बघून भुलू नका. न सांगता जा आणि तिथल्या आजींच्या पायाची नखं बघा, हाताची सगळेच कापतात. झोपून असलेल्यांच्या खोलीत शिरा, वासावरून कळतं. रात्री ड्युटीला किती जणी, आजी पडल्या तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, आणि पुढे अंथरुणाला खिळल्या तर ठेवणार का, हे लेखी घ्या, बरेच जण स्वतःचं स्वतः करणारे असतील तरच घेतात. खर्चाचा आकडा एक नसतो, खोली शेअरिंगची की वेगळी आणि मदत किती लागते त्यावर. डिपॉझिट परत मिळतं का, डायपर-औषधं वेगळी का, ते विचारा.

आई आता स्वयंपाकघरातून मेथी मागून आणून निवडत बसते आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींशी पंख्याच्या स्पीडवरून भांडते. भांडुपला भांडायला कोण होतं?

हां, हे सगळं डोकं शाबूत असलेल्या आणि स्वतः हो म्हणालेल्या आईबद्दल. डिमेंशिया असेल तर साध्या आश्रमात ठेवू नका, त्याचं ट्रेनिंग असलेली माणसं लागतात.

आणि भावंडं असतील तर कोण किती पैसे देणार ते ऍडमिशनच्या आधी ठरवा. आमच्या दादांचं अजून 'बघू' चाललंय.