'कॉर्न' म्हणजे मका, हे समीकरण मला किती महागात पडले

नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज प्रवाशाच्या आठवणींचा अनुवाद करताना 'कॉर्न' या शब्दाने तुम्हाला अडवले आहे. स्कॉटलंडच्या शेतात उभे असलेले 'कॉर्न', घराच्या भाडेपट्ट्यातील 'पेपरकॉर्न' आणि जहाजावरील सामानाच्या यादीतील 'कॉर्न्ड' मांस व 'कॉर्न्ड' पावडर हे सारे एकच शब्द आहेत की निरनिराळे, असे तुम्ही विचारले आहे, आणि प्रकाशकाने 'एका शब्दाला पुस्तकभर एकच प्रतिशब्द' असा आग्रह धरल्याचेही जाता जाता लिहिले आहे. ते जाता जाता लिहिलेले वाक्य वाचूनच मी हे उत्तर लिहायला बसलो. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. बरीच वर्षे इंग्रजीतून मराठीत अनुवाद करून पोट भरलेला माणूस आहे, तेव्हा व्युत्पत्तीच्या बाबतीत माझ्या शब्दापेक्षा कोशावर अधिक विश्वास ठेवावा.

शब्द एकच आहे. प्राचीन इंग्रजीत 'कॉर्न' म्हणजे दाणा, आणि त्यावरून ज्याचे दाणे खातात ते कोणतेही धान्य. लॅटिनमधील 'ग्रानुम', म्हणजे इंग्रजीतील 'ग्रेन', हा त्याचाच भाऊबंद असून आपला 'जीर्ण' हा शब्दही त्याच मुळाशी जोडला जातो; पिकणे आणि म्हातारे होणे या दोन कल्पना त्या मुळात शेजारी शेजारी नांदत असाव्यात. 'कर्नेल', म्हणजे गर किंवा बी, हे 'कॉर्न'चेच लघुरूप आहे. पायाला होणारे 'कॉर्न', म्हणजे आपले कुरूप, मात्र लॅटिनमधील शिंग या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे आणि त्याचा दाण्याशी काही संबंध नाही. चांगल्या कोशात त्याची नोंद वेगळी असते, ती चुकूनही या हिशेबात धरू नये.

पुढे घडले ते असे की, ज्या मुलखात जे धान्य मुख्य, तेच तिथले 'कॉर्न' झाले. इंग्लंडात गहू, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथे ओट, आणि जर्मन भाषेत त्याच शब्दाचा रोख बहुधा राय या धान्याकडे. सतराव्या शतकात अमेरिकेत जाऊन राहिलेल्या इंग्रजांना तिथल्या मूळ रहिवाशांचे नवे धान्य दिसले, तेव्हा त्यांनी त्याला 'इंडियन कॉर्न', म्हणजे इंडियन लोकांचे धान्य, असे नाव दिले. काही पिढ्यांनी 'इंडियन' गळून पडले आणि उरलेले 'कॉर्न' तिथे मक्याचे नाव होऊन बसले. आपल्याकडे लोणावळ्याच्या कॉर्न भज्यांपासून चित्रपटगृहातील पॉपकॉर्नपर्यंत सगळीकडे हाच अमेरिकन अर्थ पोहोचलेला असल्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला 'कॉर्न' म्हटले की मकाच ऐकू येतो, आणि अनुवादक घसरतो तो नेमका इथेच.

आपल्याला हे नवल वाटायचे कारण नाही. 'दाणा' हा आपला शब्द कोणत्याही धान्याच्या एका कणासाठी आहे, पण घरात कोणी 'दाणे भाजून ठेव' असे म्हटले, तर ज्वारी भाजायला कोणी घेत नाही. आता गंमत अशी की भुईमूगही मक्याप्रमाणे अमेरिका खंडातूनच आलेला आहे, आणि बाहेरून आलेल्या या पाहुण्याने आपल्याकडेही दाण्याचे सर्वसाधारण नाव स्वतःच्या खिशात घातले. भंडारा-गोंदियाकडे 'धान' म्हणजे साळीचे पीक, हेही त्याच जातीचे उदाहरण आहे.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी इंग्लंडच्या आर्थिक इतिहासावरील एका पाठ्यपुस्तकाची काही प्रकरणे माझ्याकडे अनुवादासाठी आली. काम देणाऱ्या कार्यालयाचे नाव मी इथे घेणार नाही, आणि कृपया ते विचारूही नये. त्यांनी सोबत स्वीकृत प्रतिशब्दांची एक यादी दिली होती आणि तिच्यात 'कॉर्न' या शब्दासमोर 'मका' असे छापलेले होते. मी त्या वेळी घाईत होतो आणि, खरे सांगायचे तर, गाफीलही होतो. 1815 मध्ये ब्रिटिश संसदेने केलेल्या आणि 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी रद्द करवलेल्या 'कॉर्न लॉज'ना मी डोळे मिटून 'मक्याचे कायदे' म्हणून मोकळा झालो.

त्या कायद्यांचा खरा विषय मुख्यतः गहू हा होता, जोडीला सातू, ओट, राय ही धान्ये. देशातील गव्हाचा भाव एका क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलला (ही दोन्ही धान्य मोजायची जुनी इंग्रजी मापे), 80 शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही, असा 1815 च्या कायद्याचा आशय होता. जमीनदारांचे उत्पन्न त्यामुळे टिकले आणि गिरणी कामगाराच्या घरातली पावाची लादी महागली, म्हणूनच मँचेस्टरच्या रिचर्ड कॉब्डन आणि जॉन ब्राइट यांच्यासारखी माणसे त्याविरुद्ध उभी राहिली. हा सगळा संघर्ष पावाचा आहे. तिथे मका घातला की प्रकरणाचा अर्थच नाहीसा होतो.

तपासणीसाठी हस्तलिखित इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेले आणि त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: 'इंग्लंडात इतका मका कुठे पिकत होता?' मी ओशाळलो आणि त्याच दिवशी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले की, या शब्दाला संदर्भानुसार धान्य, गहू, ओट आणि मका असे वेगवेगळे प्रतिशब्द वापरण्याची परवानगी द्यावी. पाच आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: स्वीकृत यादी बंधनकारक असून एका संज्ञेस एकापेक्षा अधिक प्रतिशब्द योजता येणार नाहीत. त्यानंतर पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी दूरध्वनी आला की, तपासनिसांचा आक्षेप निकाली काढण्यासाठी यादीत दुरुस्ती झाली आहे, आता 'मका'ऐवजी सर्वत्र 'धान्य' करावे आणि सकाळी नऊपर्यंत फाइल पाठवावी. 'सर्वत्र' या शब्दावर त्या गृहस्थांनी दोनदा जोर दिला होता.

मी रात्री अकरा वाजता संगणकावर 'शोधा आणि बदला' ही सोय वापरली, 'मका'च्या जागी 'धान्य' घातले, एकशे काही ठिकाणी बदल झाल्याचा निरोप पाहिला आणि समाधानाने झोपलो. मराठी जाणणाऱ्या माणसाने हे करायला नको होते. 'मका'ला प्रत्यय लागला की त्याचा 'मक्या' होतो, त्यामुळे 'मक्याचे कायदे' या जिथे बदल हवाच होता त्या शब्दांना संगणकाने हातही लावला नाही. उलट 'कामकाज' या शब्दाच्या पोटात 'मका' दडलेला असतो, 'नेमका'मध्ये असतो आणि 'धमकावणे'मध्येही असतो. छापून आलेल्या पुस्तकात ब्रिटिश संसदेचे 'काधान्यज' मध्यरात्रीपर्यंत चालले, आंदोलनाचा 'नेधान्य' परिणाम काय झाला याची चर्चा झाली, आणि विरोधकांना 'धधान्यवण्यात' आले.

याहून वाईट नुकसान झाले ते शब्द न मोडता झाले, आणि ते पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानातही आले नाही. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ सुरू झाला, तेव्हा पील यांच्या सरकारने अमेरिकेतून एक लाख पौंड किमतीचा मका गुपचूप खरेदी करवला होता. मूळ पुस्तकात त्यासाठी 'इंडियन कॉर्न' हे शब्द होते आणि मी ते पहिल्या खर्ड्यात 'मका' असे अचूक लिहिले होते. हा मका कठीण दाण्याचा होता, तो दळायला आयर्लंडमधील गिरण्या पुऱ्या पडत नव्हत्या, लोकांना तो शिजवायचा कसा हे ठाऊक नव्हते, आणि त्याच्या पिवळ्या रंगामुळे त्यांनी त्याला 'पीलचे गंधक' असे नाव ठेवले. माझ्या बदलानंतर तिथे नुसते 'धान्य' उरले. पुढे कार्यालयातच कोणीतरी मूळ इंग्रजीशी ताडून पाहताना, 'इंडियन' शब्द गाळला गेला आहे असे समजून, मला न विचारता दुसऱ्या आवृत्तीत त्याचे 'भारतीय धान्य' केले. म्हणजे माझ्या नावावर असलेल्या पुस्तकात आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांना हिंदुस्थानातून धान्य गेले, असा इतिहास घडला. मानधनाचा शेवटचा हप्ता 'अशुद्धींमुळे' कापला गेला आणि तीन वर्षे त्या दारातून काम आले नाही. पैशाचे मी विसरलो. पण दुसरी आवृत्ती माझ्याकडे का दाखवली नाही, या माझ्या पत्राचे उत्तर अजून यायचे आहे. असो, हे जरा वाहवत गेले.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की, प्रकाशकाचा 'एक शब्द, एक प्रतिशब्द' हा नियम कायद्याच्या मसुद्यात शोभतो, जुन्या गद्यात नाही, आणि तुम्ही ही गोष्ट आत्ताच, लेखी स्वरूपात, प्रकाशकाच्या गळी उतरवावी. इतरांचे अनुभव वेगळे असू शकतील. शब्दाचा अर्थ ठरवताना आधी स्थळ पाहावे, मग काळ, आणि कोश सगळ्यांत शेवटी उघडावा. कोशही अर्थ ऐतिहासिक क्रमाने देणारा, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी सांगणारा, असावा. 1884 पासून भागाभागाने निघून 1928 मध्ये पूर्ण झालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश त्या पद्धतीचा आहे. इंग्रजी-मराठीसाठी मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि कँडी यांनी 1847 मध्ये पुरा केलेला कोश हाताशी ठेवावा, कारण तुमचा प्रवासी ज्या शतकात लिहीत होता त्याच शतकातला तो आहे.

बायबलमधील उल्लेख तुमच्या पुस्तकात येतील असे गृहीत धरून एक सूचना करतो. 1611 च्या इंग्रजी बायबलात योसेफाचे भाऊ दुष्काळात 'कॉर्न' आणायला मिसर देशात जातात, आणि योहानाच्या शुभवर्तमानात जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या एका दाण्यालाही 'कॉर्न' म्हटले आहे. कोलंबस 1492 मध्ये समुद्रपार गेला त्याआधी मिसरात मका असणे शक्य नाही, तेव्हा पहिल्या ठिकाणी धान्य आणि दुसऱ्या ठिकाणी दाणा, याखेरीज पर्याय नाही.

तुमच्या स्कॉटलंडमधील वाक्यात ओटच आहे, कारण त्याच परिच्छेदात लोक त्याची पेज खाताना दाखवले आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. तिथे 'इअर' हा शब्द असेल तर जरा थांबावे. इंग्रजीला सगळ्या पिकांसाठी तो एक शब्द पुरतो. आपल्याकडे गव्हाची ओंबी असते, भाताची लोंबी असते आणि ज्वारी, बाजरी, मका यांचे कणीस असते. ओटचे दाणे सुट्या फांद्यांवर लोंबत असल्यामुळे मी लोंबी लिहीन. धान्य कोणते हे ठरवल्याशिवाय मराठीत हे वाक्य पुरे होतच नाही, आणि हे तुमच्या प्रकाशकाला दाखवण्यासारखे आहे.

भाडेपट्ट्यातील 'पेपरकॉर्न' म्हणजे मिरीचा एक दाणा. करार वैध ठरण्यासाठी काहीतरी मोबदला लागतो, म्हणून मालकाने मागितल्यास वर्षाला एक मिरी द्यावी, असे लिहिण्याची पद्धत होती. बर्म्युडातील सेंट जॉर्ज येथे जुन्या स्टेट हाउसच्या भाड्यापोटी आजही दरवर्षी समारंभाने एक मिरी दिली जाते. 'नाममात्र भाडे' हा अर्थ बरोबर असला, तरी मी 'एक मिरी, मागितल्यास' असेच ठेवीन, कारण आठवणींच्या पुस्तकात त्यातली गंमत वाचकापर्यंत पोहोचायला हवी. याच दाण्याचे एक माप आपल्या पायातही आहे: तीन 'बार्लीकॉर्न', म्हणजे जवाचे तीन दाणे, मिळून एक इंच होतो, आणि ब्रिटिश पद्धतीच्या बुटांचा सात क्रमांक आणि आठ क्रमांक यांत एका जवाचे अंतर असते.

विषय निघालाच आहे तर स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: आपल्याकडे दुकानात मिळणारे कॉर्नफ्लोअर हे मक्याचे पांढरे सत्त्व असते, तर अमेरिकन पाककृतीतील त्याच नावाचा पदार्थ मक्याचे दळलेले पीठ असतो. एकाच्या जागी दुसरे घातल्यास रस्सा दाट होण्याऐवजी खरखरीत होतो.

राहिली जहाजावरची यादी. 'कॉर्न्ड' मांसात मका नाही आणि कोणतेच धान्य नाही. मिठाच्या जाड खड्यांना दाणे म्हणत, त्यात मुरवलेले ते मांस, म्हणून 'खारवलेले गोमांस' पुरेसे आहे. 'कॉर्न्ड' पावडर म्हणजे भुकटी ओलसर करून तिचे दाणे पाडलेली बंदुकीची दारू, कारण दाणेदार दारू भुकटीपेक्षा चांगली पेटते. तिथे 'बंदुकीची दाणेदार दारू' असे पूर्ण लिहावे, आणि जागा वाचवण्यासाठी 'बंदुकीची' हा शब्द कोणी गाळू लागल्यास त्याला थांबवावे, कारण तुम्ही दिलेल्या यादीत पुढच्याच ओळीत रमची पिंपे आहेत.