नवीन रेडिएटरलाही परत भोकं पडतायत, त्याचा इंजिनच्या अर्थिंगशी काय संबंध?

तुम्ही लिहिलंय की नवीन रेडिएटर टाकून काही महिने होत नाहीत तोच परत बारीक भोकं पडून कूलंट गळायला लागलं, आणि मेकॅनिक म्हणतोय इंजिनचं अर्थिंग बघा. मेकॅनिकचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, अजून एक रेडिएटर आणायच्या आधी मल्टीमीटर लावून बघाच.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीशी त्याचं अर्थिंग आपोआप होत नाही, बॅटरीचं निगेटिव्ह तिथपर्यंत पोचतं ते एखाद-दोन जाड केबल किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्टीतून. सेल्फ मारला की त्यातून शंभर-दोनशे अँपिअर जातात. ती केबल आतून कुजली किंवा लगखाली (लग म्हणजे केबलच्या टोकाचं बोल्टने आवळायचं धातूचं कडं) गंज, पेंट काहीही राहिलं, की करंट दुसरी वाट धरतो, कधी क्लचची केबल, कधी गिअरबॉक्सचे बेअरिंग, आणि काही प्रमाणात कूलंटसुद्धा. धातूतून करंट जिथे कूलंटमध्ये उतरतो तिथला धातू विरघळतो, आणि रेडिएटरचं ॲल्युमिनियम इतकं पातळ असतं की त्याला आरपार भोक पडायला वेळ लागत नाही.

पण सगळं खापर अर्थिंगवर फोडू नका. इंजिनचा ब्लॉक (मुख्य धड) बऱ्याचदा बिडाचा, त्यावरचं हेड आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचे, मध्ये कूलंट, म्हणजे बॅटरी न जोडताही तिथे एक छोटा सेल तयार असतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनं ते थोपवून धरतात, ती संपली किंवा वरून नळाचं पाणी ओतत राहिलात तर त्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर फोडतं आणि आतून खड्डे पडायला लागतात. भोकं दोन्ही कारणांनी सारखीच दिसतात, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही.

इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा (गरम असताना अजिबात उघडू नका), मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन कूलंटमध्ये बुडवा पण आतल्या धातूला टेकू देऊ नका. सगळं बंद असताना साधारण 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक, 0.3 च्या वर म्हणजे गडबड. मग पिना तशाच ठेवून कुणाला तरी हेडलाइट, ब्लोअर, मागाहून लावलेले फॉग लॅम्प एकेक चालू करायला सांगा आणि शेवटी सेल्फ मारायला, हात आणि वायरी पंख्यापासून लांब ठेवून. ज्याने आकडा उडी मारतो त्याचं अर्थिंग खराब. बॅटरी काढून काळी पिन ब्लॉकला लावली तरी आकडा तेवढाच राहिला तर दोष कूलंटचाच.

सेल्फने आकडा वाढला तर इंजिनची केबल तपासायची, पण ओहमवर मोजून शून्य आलं म्हणून ती ओके समजू नका, बरेच जण इथेच फसतात. मी अशी एक केबल सोलून बघितली होती, वरचं कव्हर चकचकीत आणि आत लगपाशी नुसती हिरवी पूड, शाबूत तारा अगदी मोजक्या. साधा मीटर 0.01 ओहम दाखवूच शकत नाही, पण 150 अँपिअरला तेवढ्यातच 1.5 व्होल्ट खाल्ले जातात. म्हणून सेल्फ फिरत असतानाच एक पिन ब्लॉकवरच्या उघड्या धातूला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला लावून बघा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर केबल बदला, 0.2 च्या आसपास असेल तर चांगली. बसवताना लगखालची जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असेल तर जास्तीची अर्थ वायर टर्मिनलला नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटला जोडा.

कूलंट मात्र कुठल्याही परिस्थितीत बदलाच, पूर्ण फ्लश करून, कंपनीने सांगितलेलं आणि मिसळायचं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात, मग परत मोजा. आणि कुणी रेडिएटरलाच वेगळी अर्थ वायर लावून देतो म्हणालं तर नको म्हणा, त्याने भरकटलेल्या करंटला कूलंटमधून जायला उलट सोपा रस्ता मिळतो.