मंजूर झालं म्हणजे पैसे आले असं नाही, भाऊ

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की राज्याचं बजेट सात लाख कोटींचं, आपण पेट्रोल भरतो, जीएसटी देतो, फ्लॅट घेतला तर स्टँप ड्युटी देतो, आणि वस्तीतला रस्ता 'मंजूर' झाल्याची बातमी येऊन, फोटोवाला बोर्ड लागून दीड वर्ष झालं तरी तिथे मुरमाचा एक ट्रक पडला नाही, मग पैसा जाते कुठे. 'खाल्ला' हे उत्तर सगळ्यात सोपं, आणि कधीकधी खरंही राहते. पण मी एकतीस वर्षं सरकारी लेखा शाखेत काढली, नागपुरातच, बिलं पास करणे आणि त्रुटी काढून परत पाठवणे हाच धंदा, तर माझ्या पाहण्यात जेवढी कामं रखडली त्यातली बरीच खाण्याच्याही आधी रखडली. खायला पैसा तर आला पाहिजे ना.

आधी तुम्ही भरता त्याचं पाहू. हे सगळं एका खिशात जात नाही. इन्कम टॅक्स दिल्लीला. घरपट्टी महापालिकेला, तुम्ही हद्दीबाहेर असाल तर ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीला. जीएसटी अर्धा-अर्धा. समजा २० हजाराचा मोबाईल नागपुरात बर्डीच्या बाजारात घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी ३,६०० रुपये लागले, तर १,८०० राज्याचे आणि १,८०० केंद्राचे, मोबाईल नोएडात बनला असला तरी, कारण जीएसटी वापर जिथे तिथल्या राज्याला जाते. केंद्राच्या वाट्यातून राज्यांना परत मिळायचे ते १५ व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२१ ते २६ च्या हिशेबाने ४१ टक्के, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा होता ६.३१७ टक्के. मोबाईलवर हा हिशेब ढोबळ लावून पाहा, १,८०० चे ४१ टक्के ७३८, आणि त्यातले आपल्याकडे येतात ४६-४७ रुपये. आणि केंद्राचे सेस, अधिभार तर या वाटणीत धरतच नाहीत.

म्हणून राज्याचा जीव स्वतःच्या करांवर. एसजीएसटी, म्हणजे जीएसटीतला राज्याचा अर्धा, सगळ्यात मोठा, मग पेट्रोल-डिझेल अन दारूवरचा व्हॅट, कारण हे दोन्ही जीएसटीच्या बाहेर आहेत, मग स्टँप ड्युटी, दारूचं उत्पादन शुल्क, गाड्यांचा टॅक्स, विजेवरचं शुल्क. पेट्रोलवर आपल्याकडे २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, २०२४ मध्ये मुंबई-ठाण्याचा दर खाली आणून आपल्याइतका केला तेव्हा इकडच्या पेपरात फार कुणी लिहिलं नाही की इतकी वर्षं दोन दर कशाला होते. फ्लॅटवर मूळ ५ टक्के, त्यावर १ टक्का स्थानिक संस्थेचा, आणि एप्रिल २०२२ पासून नागपूरसकट चार शहरांत १ टक्का मेट्रोचा. म्हणजे तुम्ही मेट्रोत पाय ठेवला नसेल तरी रजिस्ट्रीच्या दिवशी तिकीट काढून ठेवलंय.

बरं पगारातून २०० रुपये कापतात तो व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३०० कापतात, कधी विचार केला का असं का? अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, बेरीज २,५००. घटनेच्या कलम २७६ मध्ये वर्षाला तेवढीच मर्यादा आहे, १९८८ च्या दुरुस्तीने ती २५० वरून २,५०० झाली आणि तेव्हापासून हललेली नाही. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. ७२ च्या दुष्काळानंतर खडी फोडायला बसलेल्या माणसाची मजुरी शहरातल्या पगारदाराने द्यायची, असा सरळ हिशेब होता, वि. स. पागेंच्या डोक्यातून निघालेल्या योजनेचा. माझ्या मते महाराष्ट्राने लावलेल्या करांत सगळ्यात प्रामाणिक कर हाच, कारण देणाऱ्याला सांगता येत होतं की पैसा कुणाच्या हातात जाणार.

बाकी करांना असा पत्ता नसते. पेट्रोलचा पैसा रस्त्याला, दारूचा पैसा दवाखान्याला असं काही नाही, सगळं राज्याच्या संचित निधीत जाते, एकच मोठी टाकी, कलम २६६. त्या टाकीला पहिली तोटी लागलेली राहते पगार, पेन्शन आणि व्याजाची. राज्याच्या महसुलातला अर्ध्याहून जास्त याच तीन गोष्टींत जाते, आणि पगार म्हटलं की लोक चिडतात, पण त्यात मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांच्या नर्सा आहेत, पोलीस आहेत, झेडपीच्या अन अनुदानित शाळांचे मास्तर आहेत. (माझी पेन्शनही त्यातच, लपवून काय करू.) मग योजना. लाडकी बहीणचंच घ्या, महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार, दोन कोटी बाया धरल्या की ३६ हजार कोटी, आणि २०२५-२६ च्या बजेटात तरतूदही ३६ हजार कोटींचीच होती. मी काही त्या योजनेच्या विरोधात नाही, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईने त्यातून पोरीची फी भरलेली मी पाह्यली आहे. पण ती रक्कम दर महिन्याला रोख जाते, थांबवता येत नाही. रस्ता थांबवता येते. पैसा कमी पडला की जे थांबवता येते तेच थांबते, यात दुष्टपणा शोधायची गरज नाही. त्या वर्षी महसुली तूट, म्हणजे चालू खर्चालाच कमी पडणारे, ४५ हजार कोटींच्या वर आणि राजकोषीय तूट, म्हणजे एकूण उसने घ्यावे लागणारे, १ लाख ३६ हजार कोटींच्या आसपास धरली होती, तर विचार करा कोणती फाईल खाली दबत असेल.

आता तुमच्या रस्त्यावर येतो, खरी गंमत इथे आहे. तुम्ही ज्याला 'मंजूर' म्हणून राहिले त्याचे चार-पाच अर्थ होतात अन बोर्डावर कोणता ते लिहीत नाहीत. बजेटला काम येणे म्हणजे बांधकाम खात्याच्या व्हाईट बुकमध्ये, म्हणजे कामांच्या यादीच्या पुस्तकात, एक ओळ. त्या ओळीत कामाची किंमत ४ कोटी लिहिली राहते आणि त्याच ओळीत पुढे या वर्षाची तरतूद १० लाख, कधी तर नुसतीच टोकन, हजार रुपये. आमदार साहेब ४ कोटीचा आकडा सांगतात, खोटं नाही बोलत ते, फक्त ओळ अर्धी वाचतात. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, टेंडर, कार्यारंभ आदेश. आणि या सगळ्यानंतरही तरतूद म्हणजे पैसा नाही. तरतूद म्हणजे विधिमंडळाने दिलेली परवानगी, की एवढ्यापर्यंत खर्च करू शकता. पैसा म्हणजे वित्त विभागाने सोडला तो, बीम्स या सरकारच्या ऑनलाईन निधी-वाटप प्रणालीवर त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या खाते क्रमांकाखाली, निधी दिसला तर बीडीएस, म्हणजे तो निधी खर्चायची पावती, निघते, बीडीएस निघाली तर बिल ट्रेझरीत लागते. वर्षाच्या मध्यात हात आखडला की तरतुदीच्या ६०-७० टक्केच सोडतात, मग १० लाखाचे ७ होतात, आणि ४ कोटीच्या कामावर ७ लाख घेऊन कोणता ठेकेदार रोलर आणेल? मागची बिलं थकली म्हणून ठेकेदार आंदोलनाला बसले हे तुम्हीही पेपरात वाचलं असेल.

याच्या उलटही होते बरं का. आमच्याकडे एकदा एका तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्याचं बिल आलं, जनरेटरचं, निधी पूर्ण आलेला, पण खरेदीची फाईल साहेबांच्या टेबलावर जानेवारीपासून पडून, शेवटी ३१ मार्चच्या रात्री साडेदहाला बिल घेऊन त्यांचा माणूस आला, घामाघूम, आणि लेखाशीर्षच चुकीचं टाकलेलं. भांडवली, म्हणजे टिकाऊ वस्तूच्या खर्चाचं बिल २२१० या चालू खर्चाच्या शीर्षाखाली, पाहिजे होतं ४२१० खाली. मी परत केलं. बारा वाजले, निधी व्यपगत झाला, म्हणजे टाकीत परत गेला, आणि पुढच्या वर्षी त्या दवाखान्याला जनरेटरसाठी काहीच आलं नाही. नियमाने मी बरोबर होतो. तरी तो माणूस व्हरांड्यात बसून राह्यला होता तो मला अजून दिसते.

म्हणून विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की मी आजकाल एकच गोष्ट विचारतो, तरतूद की खर्च? दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. एवढ्या वर्षांत आपण बजेटात विदर्भाला किती दाखवले यावर मोर्चे काढले, बजेटात दाखवलेल्यातले मार्चपर्यंत खर्च किती झाले यावर नागपुरात पोलीस मोर्चे अडवतात त्या मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चा अडवल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि एक नागपूरची गोष्ट. बजेट मार्चमध्ये मुंबईत मांडतात. नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन इथे होते, डिसेंबरात, तेव्हा इथे येतात पुरवणी मागण्या. म्हणजे मार्चमध्ये जे पुरलं नाही किंवा धरलंच नाही त्याची जादा परवानगी. हजारो कोटींच्या राहतात, आणि चर्चा होते जेमतेम, कारण सगळ्यांचं लक्ष मोर्चे, हुरडा आणि सावजीकडे. तुमच्या रस्त्यासारखी कामं त्या पुरवणीच्या पुस्तकातही घुसतात. पण डिसेंबरात परवानगी मिळाली की हातात राहिले तीन महिने, त्यात टेंडर काढून डांबर टाकणं म्हणजे... समजून घ्या.

तर तुम्ही आता काय करायचं. आधी रस्ता कुणाचा ते पक्कं करा, महापालिकेचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), झेडपीचा की पीडब्ल्यूडीचा (सार्वजनिक बांधकाम खातं), कारण महापालिकेचा निघाला तर माझं वरचं अर्धं उत्तर लागूच होत नाही. तिथला पैसा वेगळा, जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, तोही गेला, आता जीएसटीची भरपाई म्हणून राज्य दर महिन्याला अनुदान देते आणि त्यावर महापालिका चालते. पीडब्ल्यूडीचा असेल तर माहिती अधिकारात टाका, पण 'रस्ता का होत नाही' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'कार्यवाही सुरू आहे' असंच येते, मीच अशी उत्तरं टाईप केली आहेत. असं विचारा: सदर कामाचा लेखाशीर्ष क्रमांक, चालू वर्षाची तरतूद, आजपर्यंत वितरित निधी, आजपर्यंतचा खर्च, आणि कार्यारंभ आदेशाची प्रत. पाच गोष्टी, एकच विषय, अर्ज दीडशे शब्दांच्या आत ठेवा नाहीतर त्याच कारणाने परत करतील. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टँप लावला की चालते. उत्तर आलं की वितरित निधीचा आकडा मला सांगा, तो शून्य असेल तर आपल्याला इंजिनिअरशी नाही, पालकमंत्र्यांच्या ऑफिसशी बोलावं लागेल.