किनवट भागातील नव्या ग्रंथपालास
किनवट तालुक्यात गोंड, कोलाम, आंध आणि परधान समाजांची वस्ती असल्याने, तिथे रुजू होताच तुम्ही पुस्तकांवरील वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेले क्रमांक, नीट तपासावेत. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश या ग्रंथवर्गीकरण पद्धतीत २२० ते २८० हे वर्ग ख्रिस्ती धर्माला दिलेले असून उरलेले धर्म २९० मध्ये कोंबलेले आहेत. त्यामुळे गोंडांच्या पेनपूजेवरील (पेन म्हणजे त्यांचे देव) पुस्तक सहज ३९८ मध्ये, लोककथांच्या शेजारी जाऊन बसते. ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांना हे खटकते आणि ते खटकायलाच हवे.

कॅनडातील मोहॉक समाजाचे ग्रंथपाल ब्रायन डियर यांनी १९७० च्या दशकात तेथील आदिवासी समाजांच्या दृष्टीतून वेगळी वर्गीकरणपद्धती रचली. ती जशीच्या तशी उचलू नये, कारण तिथली भूमी आणि माणसे निराळी आहेत. मूळ वर्गांक कायम ठेवून तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकांच्या सूचीत, समाज, गाव, भाषा आणि वनस्पतींची गोंडी वा कोलामी नावे यांच्या जादा नोंदी कराव्यात. माझ्या मते सुरुवातीला एवढेच पुरेसे आहे. विषयशीर्षके मात्र गावातील जाणत्यांना विचारूनच ठरवावीत. परधानांच्या गाथांचे ध्वनिमुद्रण मिळाल्यास कर्त्याच्या जागी गायकाचे नाव लिहावे, संकलकाचे त्यानंतर. ठरावीक विधीतच म्हटले जाणारे गीत सर्वांना ऐकवावे की नाही, हा निर्णय त्या समाजाकडेच सोपवावा.